गूल

गुरुवारी साडेतीनला शाळा सुटते
आणि गूलच्या वाचनालयात ओले कोट येतात,
कोटांच्या आत मुलं.
मी पाच नंबरच्या संगणकापाशी,
गळ्यात ‘स्वयंसेवक’ अशी पट्टी,
पर्समध्ये चिवडा, जो वाटायला मनाई आहे
शेंगदाण्यांमुळे.

आजचा गृहपाठ: आपल्या प्रदेशातली मोठी शहरं.
पडद्यावर यॉर्कशायर,
वाळत घातलेल्या गोधडीसारखं हिरवं, वेडंवाकडं,
त्यावर सहा पिवळे ठिपके.
खालचं नाव उचलायचं, ठिपक्यावर सोडायचं.
बरोबर आलं तर टिंग.
चुकलं तर नाव जरासं थरथरतं
आणि मुकाट्यानं माघारी जातं,
दाराला कुलूप बघून परतलेल्या पाहुण्यासारखं.

डोमांतास नऊ वर्षांचा.
आई गाजरं धुण्याच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
लीड्स, टिंग. शेफील्ड, टिंग.
मग प्रश्न येतात, चार-चार पर्यायांचे.
हल कशासाठी प्रसिद्ध आहे?
तो बराच वेळ बघत राहिला.
‘माझी बहीण तिथे झाली,’ म्हणाला,
‘पण ते यात नाहीये.’

आणि लीड्स?
‘तिथे आईच्या बोटांचे ठसे घेतात.
मशीनला सापडेनात.
गाजरांनी पुसलेत.’
डॉनकास्टर?
‘तिथे गाडी बदलतात. एकदा चुकली.
मग आम्ही चिप्स खाल्ल्या, व्हिनेगर घालून,
बाकावर.’
यॉर्कबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं.

दहापैकी चार.
पडदा म्हणाला, छान प्रयत्न!

‘आपण कुठे आहोत पण?’
हल आणि डॉनकास्टरच्या मधल्या हिरव्यात
त्यानं बाण गोल गोल फिरवला.
काहीच उजळेना.
मग शोधाच्या चौकटीत एकेक कळ दाबत
त्यानं गावाचं नाव लिहिलं.
उत्तर आलं:
तुम्हाला गूगल म्हणायचं आहे का?

तो इतका हसला
की मिसेस ओल्डरॉइडनी चष्म्यावरून पाहिलं.
मी त्याला सांगितलं,
आमच्याकडे रात्री वीज जाते ना,
तेव्हा म्हणतात, बत्ती गुल.
‘म्हणजे आपण गेलो?’
आपण नाही रे, बत्ती.
त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

पारोळ्याला चौधरी गुरुजींकडे
महाराष्ट्राच्या नकाशाचा रबरी शिक्का होता.
वह्या उघडून रांगेत उभं राहायचं,
जांभळी शाई, एक दणका, पुढचा.
माझ्या वहीत कोकण नेहमी समुद्रात फरकटायचं.
पारोळं कुठंय, मी एकदा विचारलं.
गुरुजींनी टाक टेकवला:
इथेच कुठेतरी, जळगावच्या ज-च्या पोटात.
दहावीपर्यंत मी ज-च्या पोटात राहिले.
सायकल चालवली, गोवर काढला,
एका मुलाचं पत्र न वाचता बंबात घातलं.
वरून कुणाला काही दिसलं नसेल.

आम्ही नकाशा छापून घेतला. दहा पेन्स.
माझ्याकडे सुटे नव्हते, त्याच्याकडे होते.
निळ्या पेनानं त्यानं ठिपका काढला,
कागद जवळजवळ फाटेपर्यंत,
आणि शेजारी दोन उभ्या टाक्या,
एक बारीक, एक जाड,
गावात ज्यांना मीठ आणि मिरी म्हणतात त्या.
आता ओळखू येतं, म्हणाला.
मग पेन तसंच धरून: ‘तुमचं काय नाव, गावाचं?’
तीनदा सांगावं लागलं. ळ-पाशी अडला.
शेवटी त्याला जमेल तसं लिहिलं
आणि ठिपका दिला थेट उत्तर समुद्रात,
हलपासून बोटभर पूर्वेला.

तिथे का रे?
‘तिथेच जागा होती.’

साडेपाचला संगणक आपले आपण विझतात.
यॉर्कशायर गेलं.
त्यानं कागदाची घडी घातली, आणखी एक, आणखी एक,
कोटाच्या आतल्या खिशात मावेल एवढी,
एक घडी नेमकी लीड्सवरून.
आई सहाला निघते.
तो धावतच गेला, चेन न लावता.